नाव न सांगता निधी देणाऱ्या आपणास

सादर नमस्कार.

आपलं नाव गुप्त राहावं अशी आपली इच्छा आहे, एवढंच मला विभागातून कळलं. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कधीतरी आपल्या वाचनात येईल या आशेनं.

किनाऱ्यावरच्या वनस्पतींवर पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आपण ठेवलेल्या निधीतून मला दोन वर्षं मदत मिळाली. माझं काम तिवर या खारफुटीच्या झाडाच्या रोपांवर आहे. तिवराचं बी झाडावर असतानाच रुजायला लागतं, गळून पडलं की पाण्यावर तरंगत जातं आणि चिखलाला टेकलं की मूळ सोडतं. पण ते मूळ धरेपर्यंत काही दिवस तरी वर पाणी चढता कामा नये. आधीच उधाण आलं तर रोप उचललं जातं. असे निवांत दिवस मिळतात ते भांगाच्या भरतीला, पाणी वरच्या पट्ट्यापर्यंत पोचत नाही तेव्हा. ते नेमके किती लागतात, हा माझा प्रश्न. खारफुटीच्या कितीतरी लागवडी चुकीच्या जागी रोपं लावल्यामुळे फसतात, म्हणून तो मला जिव्हाळ्याचा वाटतो.

हे काम भरतीच्या वेळापत्रकावर चालतं. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सातला असलेली ओहोटी आठवड्याभरात दुपारी एकच्या घरात जाते. त्या वेळेला गाडी मिळेलच असं नाही, होडी सांगावी लागते. गुडघाभर चिखलात एकटीनं उतरायचं नसतं, सोबतीला माणूस लागतो. उपकरणांसाठी अर्ज करायला जागा आहेत. होडीभाडं आणि सोबत्याची मजुरी लिहिली की मात्र ‘या खर्चाला तरतूद नाही’ असं उत्तर येतं. मला दोन ठिकाणांहून आलं. आपल्या अर्जातला पहिलाच रकाना होता, ‘प्रत्यक्ष किनाऱ्यावर जाण्याचा खर्च’. तो वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. हा रकाना घालणाऱ्या माणसानं कधीतरी स्वतः चिखल तुडवलेला असणार.

पहिल्या वर्षाचं सांगायलाच हवं. एका वादळी उधाणात माझी खुणेची जवळजवळ सगळी रोपं गेली. ओहोटीला जाऊन पाहिलं, तर काड्या जागच्या जागी उभ्या होत्या, त्यांवरच्या नंबरांच्या पट्ट्याही शाबूत होत्या. रोपाच्या जागी तेवढा बोटभर खळगा, त्यात साचलेलं पाणी. अहवालात मी तसंच लिहिलं: रोपं वाहून गेली, निष्कर्ष नाही. पैसे परत मागतील अशी धास्ती होती. आठवड्यानं समितीमार्फत आपला दोन ओळींचा निरोप आला: ‘किती दिवसांची रोपं गेली, तेही लिहून ठेवा. पुढच्या हंगामात पुन्हा लावा.’

दुसरा हप्ता वेळेवर आलाच, पण त्या पहिल्या ओळीचं ऋण मोठं आहे. कुठलं रोप कितव्या दिवशी मूळ न धरता गेलं, हीच तर मला हवी असलेली नोंद होती, आणि रडण्याच्या भरात ती माझ्या ध्यानातच आली नव्हती. ते बुडालेलं वर्ष आता प्रबंधाचं तिसरं प्रकरण झालं आहे.

परवा दुसऱ्या हंगामातली रोपं मोजायला गेले. वीतभर उंची, मोजकी पानं. ऊन चढलं तसे त्या पानांवर मिठाचे बारीक कण चमकायला लागले. तिवर आत आलेलं मीठ असं पानांवाटे बाहेर टाकतो. आपण सोबत असता तर वाकून दाखवलं असतं.

पुढची मोजणी अमावास्येच्या उधाणानंतर आहे.

आपली ऋणी,
एक संशोधक विद्यार्थिनी