मांजरीने पिल्लं 'टाकलेली' नसतात
संपादक महोदय,
मांजर पिल्लं सोडून गेली म्हणून लोक लगेच ती उचलून घरी नेतात, हे प्लीज थांबवा. बहुतेक वेळा ती खायला शोधायला गेलेली असते, किंवा जागा सेफ वाटत नाही म्हणून एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे हलवत असते आणि उरलेली तिथेच दिसतात. लांब उभं राहून काही तास वाट बघा ना! पिल्लं गार पडली असतील किंवा सतत ओरडत असतील तर मात्र थांबू नका, आधी ऊब द्या, व्हेटला विचारा, गायीचं दूध अजिबात नको, जुलाब होतात. आणि महिना-दीड महिन्याने आई दूध पाजताना गुरगुरते, उठून जाते, तेव्हा ती दूध तोडत असते, दुष्ट झालेली नसते.
– एक मांजरप्रेमी वाचक