‘आयसोलेशन’ म्हणून विकलेला ऑटोट्रान्सफॉर्मर आणि हवा शिरलेला व्हॉल्व्ह : लेखी तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष व्हॉल्व्ह व चुकीच्या वर्णनाने विकलेला ट्रान्सफॉर्मर यांबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी जानेवारीत दोन वस्तू मागवल्या. एक, पीएल ५१९ हा व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओ-टीव्हीत असते तशी निर्वात काचेची नळी. वर्णनात ‘जुन्या साठ्यातला, न वापरलेला’ असे लिहिले होते. दुसरी, ‘आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, २३० ते २३० व्होल्ट, ५०० व्हीए’. दोन्हींचे मिळून रु. ७,८५० आगाऊ भरले. व्हॉल्व्ह मेलेला निघाला आणि ट्रान्सफॉर्मर आयसोलेशनचा, म्हणजे भिंतीतल्या लाइनशी तारेची जोडणी तोडणारा, नाहीच. व्हॉल्व्हमुळे माझे पैसे गेले, ट्रान्सफॉर्मरमुळे कोणाचा तरी जीव गेला असता. या दोन गोष्टी एका पारड्यात घालू नयेत, ही पहिलीच विनंती.

आपल्या विभागाने ई-मेलवर दिलेले उत्तर असे : “सदर वस्तू प्लाझ्मा स्पीकरसारख्या घरगुती प्रयोगासाठी घेतल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही.” आधी मी काय बनवत होते ते सांगते, कारण उत्तर देणाऱ्यास ते माहीत नसावे असे दिसते.

मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला मुलांसमोर प्लाझ्मा स्पीकर वाजवायचा होता. नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदाचा कोन हलतो आणि हवेला ढकलतो. इथे कोनच नसतो. व्हॉल्व्हचा ऑसिलेटर, म्हणजे विजेच्या लाटा निर्माण करणारे सर्किट, काही मेगाहर्ट्‌झवर चालवायचा, वेटोळ्याच्या टोकाला टंगस्टनची सळई लावायची, की तिच्या टोकावर जांभळट ज्योत उभी राहते. व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडला (प्रवाह कमीजास्त करणाऱ्या आतल्या एका भागाला) गाण्याचा सिग्नल दिला की ज्योतीतली ऊर्जा त्या सिग्नलबरोबर कमीजास्त होते, भोवतीची हवा तापते, फुगते, आकसते, आणि तोच आवाज. हलणाऱ्या भागाला वजनच नसल्यामुळे वरच्या पट्टीतले स्वर फार स्वच्छ येतात. ढोलकीचा घुमारा मात्र त्यात येत नाही, कारण इवल्याशा ज्योतीला तेवढी हवा हलवता येत नाही.

हे काही मी शोधलेले खूळ नाही. विल्यम डडेल या इंग्रज अभियंत्याने १९०० मध्ये लंडनमध्ये विद्युत ज्योतीच्या (आर्क) दिव्यातून सूर काढून दाखवले होते. १९५०च्या दशकात सिगफ्रिड क्लाइन यांचा ‘आयोनोफोन’ याच तत्त्वावर आला आणि पुढे कंपन्यांनी असे ट्वीटर (वरच्या स्वरांचे स्पीकर) बाजारातही आणले. अकरावीला मॉड्युलेशन, म्हणजे एका लाटेवर दुसरा सिग्नल चढवणे, शिकवताना फळ्यावर लाटेच्या आत लाट काढून दाखवावी लागते. मुले ती वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. लता मंगेशकरांचा आवाज ज्योतीतून येताना ऐकलेला मुलगा मॉड्युलेशन विसरणार नाही, एवढीच माझी धडपड.

धोका काय आहे हेही मला ठाऊक आहे, आणि तयारी त्या हिशेबानेच केली होती. या वारंवारतेचा प्रवाह झटका देत नाही, सरळ मांस भाजतो, आणि भाजल्याचे उशिरा कळते. म्हणून ज्योतीभोवती अर्थ केलेली, म्हणजे जमिनीशी जोडलेली, लोखंडी जाळी. त्याच जाळीने आजूबाजूच्या रेडिओतली खरखरही आटोक्यात राहते. ज्योतीतून ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, म्हणून प्रयोगशाळेच्या दोन्ही खिडक्या उघड्या आणि प्रयोग थोडाच वेळ. ज्योतीकडे टक लावून पाहायचे नाही, कारण तिच्यात अतिनील किरण असतात. पेसमेकर बसवलेल्या पालकांना त्या खोलीत प्रवेश नाही, अशी पाटीसुद्धा मुलांनी रंगवून ठेवली होती. व्हॉल्व्हच्या हीटरसाठी (आतल्या तापणाऱ्या तारेसाठी) ४० व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर मी शेतपंपाच्या मोटारी भरणाऱ्या कारागिराकडून भरून घेतला. तो चोख आहे.

आता व्हॉल्व्ह. खोके उघडताना मुलांनी व्हिडिओ काढला आहे, तो सोबत जोडते. व्हॉल्व्हच्या काचेला आतून आरशासारखा चंदेरी थर असतो. तो गेटर, बेरियमचा. आत उरलासुरला वायू शोषून घेणे हे त्याचे काम. काचेत हवा शिरली की बेरियमचे ऑक्साइड होते आणि चंदेरी थर दुधासारखा पांढरा पडतो. आपण पाठवलेल्या व्हॉल्व्हचा थर पूर्ण पांढरा आहे. खिडकीच्या उजेडात तिरका धरला की बुडाशी एका पिनेजवळ केसाएवढी चीरही दिसते. शिवाय पिनांवर सॉकेटात घालून काढल्याच्या रेघा आहेत, तेव्हा ‘न वापरलेला’ हे वर्णनही खरे नाही. आमच्या गावात व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले एक काका आहेत. त्यांनी तो हातात घेतला आणि बघताक्षणी म्हणाले, “मॅडम, यामा हवा भराई गयी. हाऊ गया आते.” (यात हवा भरली, हा गेला आता.) हीटर लावूनही पाहू दिला नाही त्यांनी.

तेव्हा वॉरंटीचा प्रश्न येतोच कुठे? या व्हॉल्व्हला माझ्याकडे एकदाही वीज मिळालेली नाही. मी त्याचा प्लाझ्मा स्पीकर करणार होते, की जुन्या टीव्हीत बसवणार होते, की कपाटात शोभेला ठेवणार होते, याने काचेतली चीर बदलत नाही. “पांढरा डाग हा वाहतुकीतला असून कामगिरीवर परिणाम होत नाही,” असे आपल्या दुसऱ्या उत्तरात लिहिले आहे. गेटर पांढरा पडणे म्हणजे निर्वात संपणे. निर्वात नसलेला व्हॉल्व्ह चालतो असे सांगणे हे व्हॉल्व्ह विकणाऱ्या कंपनीला शोभत नाही.

ट्रान्सफॉर्मरबद्दल मात्र मला जास्त लिहायचे आहे.

प्लाझ्मा स्पीकरच्या पुरवठ्यात २३० व्होल्ट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून घेऊन डबलरने दुप्पट करतात. भार नसताना सुमारे ६५० व्होल्ट डीसी मिळतात. आयसोलेशनचा अर्थ, भिंतीतली लाइन आणि आपले यंत्र यांच्यात तांब्याचा एकही धागा जोडलेला नाही; दोन वेगळी वाइंडिंग (तारेची वेटोळी), मध्ये फक्त चुंबकीय क्षेत्र. त्यामुळे यंत्राची एक बाजू निर्धास्त अर्थ करता येते आणि जाळी, चॅसिस (धातूचा सांगाडा), खोके यांना हात लागला तरी चालते.

आपला ट्रान्सफॉर्मर उचलला तेव्हा वजनावरूनच मला तो ५०० व्हीएच्या मानाने हलका वाटला. जोडण्याआधी मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक पिन इनपुटच्या वायरीला आणि दुसरी आउटपुटच्या वायरीला लावली. आयसोलेशन असते तर मीटरने ओपन, म्हणजे जोडणी नाही, असे दाखवले असते. त्याने शून्याजवळचा आकडा दाखवला. वायरी बदलून बघितले, मीटर बदलून बघितले, तेच. झाकण काढले तर आत एकच वाइंडिंग, त्यातून मध्येमध्ये चार टॅप (जोडणीच्या तारा) काढलेले, आणि इनपुटची एक वायर थेट आउटपुटला गेलेली. स्टॅबिलायझरमध्ये बसतो तसला साधा ऑटोट्रान्सफॉर्मर. वरच्या ‘आयसोलेशन’ या चकचकीत स्टिकरचा कोपरा नखाने उचलला, तर खाली जुने स्टिकर होते : ० – २०० – २३० – २५०. दोन्ही स्टिकरांचे फोटो सोबत आहेत.

यावर आपल्या प्रतिनिधीने फोनवर मला सांगितले, “मॅडम, आउटपुटला २३० येतात ना? मग वस्तू बरोबर आहे.” हे उत्तर ऐकून मी खरोखर हादरले. २३० तर भिंतीतल्या सॉकेटलाही येतात. त्यासाठी कोणी ट्रान्सफॉर्मर विकत घेत नाही. आयसोलेशनचे पैसे २३० व्होल्टसाठी मोजलेले नसतात, तुटलेल्या जोडणीसाठी मोजलेले असतात.

हा ट्रान्सफॉर्मर तसाच जोडला असता तर काय झाले असते? आमच्याकडच्या जुन्या इमारतींत सॉकेटची फेज-न्यूट्रल उलटी लागलेली सर्रास सापडते. अशा सॉकेटला हे यंत्र लावले की फेज सरळ चॅसिसवर आणि त्या जाळीवर. अर्थिंग पक्के असेल तर फ्यूज उडेल. पण खानदेशात उन्हाळा लागला की काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्यात पाणी ओतत राहावे लागते. ज्या दिवशी पाणी ओतायचे राहून गेले, त्या दिवशी ज्या जाळीला मुलांनी सुरक्षित समजून हात लावायचा, तीच जाळी जिवंत.

माझ्या वर्गातली मुले शेतकऱ्यांची आहेत. शेतीची लाइट रात्रपाळीला आली की हीच मुले बापाबरोबर ओल्या वाफ्यातून चालत पंप सुरू करायला जातात. स्टार्टरच्या पेटीला करंट उतरणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही. त्यांना मी सांगितले होते की आपल्या यंत्राच्या पेटीला करंट उतरणार नाही, कारण आपण आयसोलेशन वापरतो आहोत. तो शब्द मी आपल्या स्टिकरच्या भरवशावर दिला होता.

मी मीटर लावून पाहिले म्हणून कळले. आपल्याकडून हाच ट्रान्सफॉर्मर घेणारे सगळे मीटर लावून पाहत नसतील. टीव्ही, एसएमपीएस (उपकरणांतले वीजपुरवठ्याचे सर्किट) दुरुस्त करणारी गावोगावची मुले आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घेतात तेच मुळी उघड्या सर्किटवर हात घालून काम करता यावे म्हणून. त्यांच्या टेबलावर हा ऑटोट्रान्सफॉर्मर गेला असेल तर? हे पत्र लिहिताना मला राग येतो आहे तो या विचाराने. आपल्या संकेतस्थळावर ही वस्तू आज सकाळीही त्याच नावाने विक्रीला होती. पानाचा फोटो काढून ठेवला आहे.

माझी मागणी अशी. ट्रान्सफॉर्मरची विक्री आज थांबवा. ज्यांना ज्यांना तो विकला आहे त्या प्रत्येकाला, “हा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नाही, वापरू नका,” असे साध्या मराठीत, हिंदीत, त्याच्या भाषेत कळवा आणि तसे कळवल्याची प्रत मला द्या. माझी पूर्ण रक्कम कुरिअर खर्चासह परत करा. बदली व्हॉल्व्ह मला नको. कार्यक्रमाची तारीख निघून गेली आणि त्या दिवशी मुलांनी नुसती रिकामी जाळी आणि पाटी मांडली. रक्कम मिळायला उशीर झाला तर मी थांबेन. इतर ग्राहकांना कळवण्याच्या बाबतीत थांबणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात होणे बंधनकारक आहे. ते झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मी राहत्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. त्याच कायद्यात सदोष वस्तूमुळे होणाऱ्या इजेची जबाबदारी विक्रेत्यावरही येऊ शकते आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दंड करू शकते, हे आपल्या कायदेशीर सल्लागारांना माहीत असेलच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, मी तक्रार नोंदवली आहे.

आपल्या प्रतिनिधीने “आधी वस्तू परत पाठवा, मग रकमेचे बघू” असे म्हटले आहे. व्हॉल्व्ह मी आजच्या कुरिअरने पाठवते आहे. ट्रान्सफॉर्मर पाठवणार नाही. तो परत आला की नवे स्टिकर लागून दुसऱ्या कोणाच्या घरी जाणार नाही, याची लेखी हमी आपण दिलेली नाही. तो वायरी कापून, वर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून प्रयोगशाळेच्या कपाटात कुलुपात ठेवला आहे. तपासायचा असेल तर कंपनीचा माणूस कोणत्याही कामाच्या दिवशी अकरा ते पाच या वेळेत पाठवा. मीटर आमच्याकडे आहे, त्याच्यासमोर पुन्हा मोजून दाखवू.

कळावे,

आपली ग्राहक,
भौतिकशास्त्र शिक्षिका,
ता. चाळीसगाव, जि. जळगाव

सोबत : बिलाची प्रत, खोके उघडतानाचा व्हिडिओ, गेटर व काचेच्या चिरेचे फोटो, ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या वाइंडिंगचे व दोन्ही स्टिकरांचे फोटो, विक्रीच्या पानाचा फोटो, आपल्या दोन्ही ई-मेलच्या प्रती.