गेमला फ्रेम बसत नाही म्हणून

प्रिय मनू,

फोनवर बोलायला गेलो की तू मीटिंगमध्ये असतेस, नाहीतर आई मध्येच फोन घेते, म्हणून लिहितोय. रोज दुकान बंद केल्यावर थोडं थोडं टाईप केलंय त्यामुळे कुठे तुटल्यासारखं वाटलं तर समजून घे.

गणपतीत तू आली होतीस तेव्हा आपल्या फ्रेमच्या दुकानात ते सर बसले होते, आठवतंय ना, चित्राभोवतीच्या माउंटचा रंग निवडायला आलेले. त्यांनी विचारलं हल्ली काय करतेस, तू म्हणालीस गेम स्टुडिओत आहे, तर ते म्हणाले म्हणजे चित्रकला सुटली म्हणायची. आणि तू लगेच म्हणालीस, हो सर, टाइमपासच आहे, आर्ट वगैरे काही नाही त्यात. मी तेव्हा पट्टी कापत होतो, पंचेचाळीसच्या कोनात, एवढ्या वर्षांच्या हाताची कट चुकली आणि सागाची चांगली पट्टी वाया गेली. सरांचं मला फारसं लागलं नाही, त्यांनी गेम बघितलेलाच नसणार. तुझं लागलं. कारण तू ते खालमानेने म्हणालीस, आणि रात्री अडीच-अडीच वाजेपर्यंत त्याच कामासाठी जागणारी माझी मुलगी मला माहीत आहे.

तेव्हा बोलायला हवं होतं, बोललो नाही. मला तेव्हा सांगता आलं नसतं की का ती कला आहे. नुसतं माझी मुलगी करते म्हणून कला, असं म्हणणं बरोबर नाही. म्हणून मधल्या दोन महिन्यांत मी तुझा जुना लॅपटॉप काढला आणि बसलो.

आधी माझ्या धंद्यातलं सांगतो. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या या दुकानात माझ्या हातून काय काय फ्रेम झालंय तुला माहीत आहे. फाइन आर्ट्सच्या पोरांचे प्रिंट, कोणाच्या आजोबांचा फोटो, भरतकाम, लग्नाची पत्रिका. आणि सगळ्यात जास्त हळव्या हाताने लोक आणतात ते रविवर्म्यांचे जुने छापील लक्ष्मी-सरस्वती, वाळवीने कडा खाल्लेले, कुणाच्या पणजीने साडीला खरी जर आणि टिकल्या चिकटवलेले. त्याच रविवर्म्यांनी सयाजीरावांसाठी चौदा पौराणिक चित्रं काढली, ती लक्ष्मी विलास राजवाड्यात लागली, ती कला हे सगळ्यांना मान्य. पण १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना घातला आणि देव स्वस्तात घरोघरी पोचले, त्यावर पुढे जाणकारांनी नाकं मुरडली, बाजारू म्हणाले, कॅलेंडर म्हणाले. आज तेच कागद म्युझियमवाले काचेत ठेवतात आणि माझ्याकडे लोक ॲसिड-फ्री माउंट मागतात त्याला. कागद तोच आहे गं. मी बघितलंय की आधी लोक त्याच्यासमोर उभे राहतात, हात जोडतात, रडतात, आणि मग कितीतरी वर्षांनी कोणीतरी येऊन सांगतं की ही कला आहे.

तुमच्या गेमांचंही तसंच चाललंय हे मला वाचल्यावर कळलं. रॉजर ईबर्ट म्हणून अमेरिकेतले फार मोठे सिनेसमीक्षक होते, त्यांनी २०१० मध्ये लिहिलं की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाहीत. त्यांचं म्हणणं मी नीट वाचलं, उडवून लावण्यासारखं नाहीये ते. गेममध्ये नियम असतात, पॉइंट असतात, जिंकता येतं, आणि त्याच्याही आधी ते म्हणाले होते की गेममध्ये निवड खेळणाऱ्याच्या हातात जाते, मग कलाकाराचा ताबा राहिला कुठे. त्याच वर्षी काही महिन्यांनी त्यांनी कबूल केलं की गेम न खेळता मी यात बोलायला नको होतं. मत बदललं नाही, पण एवढं कबूल केलं, मला ते आवडलं. दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमने चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले, पॅक-मॅन, टेट्रिस, मिस्ट, पोर्टल वगैरे. त्यांनी ते डिझाइनच्या विभागात घेतले आहेत, चित्रांच्या नाही, हेही खरं. मला त्यात धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट भारी वाटली, ती म्हणजे त्यांना नुसता स्क्रीनचा फोटो नको होता, गेमचा मूळ कोड मिळवायचा प्रयत्न होता, म्हणजे तो पुढे चालता राहिला पाहिजे. बरोबर आहे ना? स्क्रीनचा फोटो मीसुद्धा फ्रेम करून देईन, पण त्यात गेम कुठे आहे.

तू म्हणशील बाबा म्युझियमच्या नावावर कशाला जाताय. नाही जात. खेळलो त्यावर येतो.

पहिला तो इडलीचा, वेनबा, २०२३ चा. तमिळ कुटुंब कॅनडात गेलेलं, बाईकडे तिच्या आईची स्वयंपाकाची वही आहे, पानं फाटलेली, अक्षरं पुसलेली, आणि जे पुसलंय ते आपण करून बघून शोधायचं. मला इडलीच्या ताटल्या कशा रचायच्या ते जमेना. आई आत भाजी चिरत होती, तिथून म्हणाली अहो खळगीवर खळगी येऊ देऊ नका, वरची ताटली फिरवा, वाफ जायला जागा नको का. ती पदराला हात पुसत येऊन बसली ती उठलीच नाही, भाजी तशीच राहिली. मग तो मुलगा मोठा होतो, घरच्या भाषेत बोलायला लाजतो, डबा नको म्हणतो, आणि शेवटी आईच्या जागी तोच ओट्याशी उभा राहतो. तुझी आई काही बोलली नाही, उठून तुझ्या आजीची वही काढून आणली, ती लाल पुठ्ठ्याची, अनारसे आणि सुरळीच्या वड्या लिहिलेली, आणि कुठली कुठली पानं फाटलीत ते बघत बसली. आता सांग, यात आम्ही काय जिंकलो? पॉइंट कुठे होते?

सिनेमात तो मुलगा स्वयंपाक करताना आम्ही बघितला असता आणि डोळे पुसले असते. इथे ताटली माझ्या हाताने चुकली होती, परत माझ्या हाताने लावली होती. ते वेगळं आहे. बघण्यापेक्षा मोठं आहे असं मी म्हणत नाही, पण दुसऱ्या कुठल्या कलेला हे करता येत नाही एवढं मला नक्की वाटतं.

दुसरा जर्नी, २०१२ चा. ऑस्टिन विंटरी यांच्या त्यातल्या संगीताला ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं होतं, एखाद्या गेमच्या संपूर्ण पार्श्वसंगीताला पहिल्यांदाच. वाळवंट, लांब एक डोंगर, आपण चालायचं. मध्येच दुसरा कोणीतरी भेटतो, तो खरा माणूस असतो, जगात कुठेतरी बसलेला, पण नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. मला भेटला तो पुढे पळून जाऊ शकत होता, मी सारखा मागे पडत होतो, दर वेळी तो थांबून सूर देत होता. बर्फात तर दोघं चिकटून चाललो कारण जवळ राहिलं की दोघांच्या अंगावरच्या उपरण्याला बळ येतं. माझे बाबा वारीला जायचे, तुला आठवत नसतील. ते सांगायचे, दिवसभर एका माणसाच्या शेजारून चाललो, त्याने पाणी दिलं, मी त्याची पिशवी धरली, त्याला माऊली म्हटलं त्याने मला माऊली म्हटलं, नाव विचारायचं राहूनच गेलं. मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, दुकानाच्या मागच्या खोलीत, प्लायवूडच्या भुशात बसून ते काय म्हणत होते ते कळलं. ज्याने हे कळवलं त्याला मी कलाकार नाही म्हणू?

आणि ईबर्ट साहेबांचं ताब्याचं. याचं उत्तर तर आपल्या बडोद्यातच आहे. नवरात्रात आपण काय म्हणतो? गरबा बघायला चाललो म्हणतो का, गरबा खेळायला चाललो म्हणतो, गुजरातीतही रमवा जाऊं छूं. ढोल आणि गाणारे लय धरतात, वाढवतात, हजारो माणसं त्या गोलात फिरतात, कोणी कोणाला सांगत नाही हात किती उचल, प्रत्येकाची गिरकी वेगळी, तरी टाळी एका जागी पडते. त्यात ताबा कोणाचा? गाणाऱ्याचाही आणि खेळणाऱ्याचाही. २०२३ मध्ये युनेस्कोने त्याच गरब्याला जगाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. खुर्चीवर बसून बघणाऱ्याला त्याचा अर्धाच मिळतो, हे तुला मी सांगायला नको, तू तर पाय सुजेपर्यंत खेळायचीस.

मराठीत तर हे अजून साफ आहे. बाहुल्यांचा खेळ, दशावताराचा खेळ, मंगळागौरीचे खेळ, आमच्या वेळी सिनेमालाही तीनचा खेळ, सहाचा खेळ म्हणायचे. खेळ म्हणजे हलकं काहीतरी असं आपल्या भाषेने कधी मानलेलंच नाही, ते आपण शाळेत मार्क मोजायला लागल्यापासून मानायला लागलो. नाट्य शिकवणाऱ्या एका बाईंनी मागे माझ्याकडून एक ओळ फ्रेम करून घेतली होती, हाताने सुंदर लिहिलेली, मी अर्थ विचारला म्हणून लक्षात राहिली. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सुरुवातीला देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि मागतात, क्रीडनीयकमिच्छामो दृश्यं श्रव्यं च यद्भवेत्. आम्हाला एक खेळणं हवंय, जे बघताही येईल आणि ऐकताही येईल. खेळणं मागितलं गं देवांनी! आणि त्यातून नाटक आलं, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळ्या कलांची आई म्हणतात ते. त्या दिवशी मी फक्त काच पुसत होतो, अर्थ आत्ता लागला.

आता तुला जे आवडणार नाही तेही लिहितो. प्रत्येक गेम कला आहे असं मी म्हणणार नाही. तू मला सांगितलं होतंस ना की मधले आठ महिने तुला ते चक्र फिरवण्याचं काम दिलं होतं, रोज यायचं, चक्र फिरवायचं, नाणी मिळवायची, चार दिवस आला नाही तर नाणी जाणार, म्हणजे माणसाने भीतीने यायचं. त्याला मी कला म्हणणार नाही, ती चित्रं तू कितीही देखणी काढलेली असोत. देखणी चित्रं तर फटाक्याच्या खोक्यावरही असतात. मला वाटतं तुझं "टाइमपास" तिथून आलंय, आठ महिने ते केलं आणि मग सगळ्याच कामाला तेच नाव दिलंस. मीही सोफ्याच्या रंगाला मॅच होणारे धबधबे फ्रेम करतो, भाडं त्यातूनच निघतं, त्याची लाज वाटत नाही. पण धबधबा वेगळा आणि वाळवीतून वाचवलेली सरस्वती वेगळी, हे माझ्या मनात पक्कं आहे, दोन्हीला एकच नाव मी देत नाही. तूही देऊ नकोस.

कारण तुझी वाव, ती पायऱ्यांची विहीर, मी बघितलीय. मागच्या दिवाळीत तू लॅपटॉपवर दाखवलीस ती लेव्हल. तू सहा वर्षांची असताना आपण नवलखी वाव बघायला गेलो होतो आणि तू तिसऱ्या मजल्यावर उतरून हळूच बोलायला लागली होतीस, मी विचारलं का गं हळू बोलतेस, म्हणालीस इथे मोठ्याने बोलवतच नाही. ती लेव्हल खेळताना मी उतरत गेलो तसा वरचा रस्त्याचा आवाज बंद होत गेला, मग पाखरं बंद झाली, मग फक्त माझीच पावलं, आणि खांबांवरचा उजेड पिवळ्याचा हिरवा होत गेला, आणि मी काय केलं माहितीये, की-बोर्डवरची बटणं हळू दाबायला लागलो. हळू दाबून गेममध्ये काही फरक पडत नाही हे मला माहीत आहे. तरी दाबली. तू मला सांगितलं नव्हतंस हळू चाल म्हणून, कुठे पाटी लावली नव्हतीस. पुण्यात बनलेला तो राजी गेम तू मला दाखवला होतास, २०२० चा, त्यातल्या रंगवलेल्या भिंती बघून मला आपल्या तांबेकर वाड्याची आठवण झाली होती आणि मी म्हटलं होतं वा काय चित्रं आहेत. तुझ्या वावेत मी चित्रं बघितलीच नाहीत बघ, नंतर लक्षात आलं. मी नुसता उतरत होतो.

तर पुढच्या वेळी ते सर आले, आणि येतील, त्यांच्या तीन फ्रेम अजून माझ्याकडे आहेत, तर मी त्यांना लॅपटॉप लावून देणार आहे. वादबीद काही घालणार नाही. चहा मागवीन आणि वावेत उतरा म्हणेन. तुझी परवानगी लागेल का ते कळव, कंपनीचं काही असेल तर नको.

थंडी अजून नाही पडली इकडे. परवा सेव-उसळ खाताना तुझी आठवण काढली. आई आता वेनबा पहिल्यापासून एकटीने खेळतेय, मला हात लावू देत नाही, आणि पुट्टूपाशी अडकलीय, तिने आयुष्यात कधी पुट्टू केला नाहीये ना. रविवारी फोन करशील तेव्हा तिला उत्तर सांगू नकोस, ती म्हणते माझं मी काढीन.

तुझा,
बाबा