लॉटरीत नाही, ब्लॅकमध्ये मात्र पाहिजे तेवढी

संपादक साहेब,

मी टोकियोत निशी-कासाईला राहतो, इथे आपली मंडळी बरीच आहेत. मार्च २०२५ मध्ये टोकियो डोम स्टेडियमला डॉजर्स आणि कब्स या अमेरिकन बेसबॉल संघांच्या दोन मॅचेस होत्या, डॉजर्सचा जपानी स्टार ओहतानी येणार म्हणजे अख्खा जपान तिकिटामागे, त्यात इथे आधी लॉटरी भरावी लागते, मी भरली, बायकोच्या नावानेही भरली, दोन्हीकडे ठेंगा! आणि बघतो तर काय, एका रीसेल साइटवर तिकिटं हजर, भाव कितीतरी पट. अहो, इथे जून २०१९ पासून कायदा आहे, मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने तिकिटं विकायचा धंदा केला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड, तरी चालूच. आपल्याकडे थिएटरबाहेरचा ब्लॅकवाला निदान समोर तरी दिसायचा, घासाघीस करता यायची, इथे तोंडच दिसत नाही. गेटवर प्रत्येकाचं ओळखपत्र बघितलं तर निम्मा धंदा बसेल असं मला वाटतं, पण तेवढा वेळ कोण घालवणार.

पहिली मॅच, डॉजर्सचा यामामोतो विरुद्ध कब्सचा इमानागा, दोघेही जपानी पिचर म्हणजे चेंडू टाकणारे, शेवटी घरी टीव्हीवरच पाहिली. डॉजर्स ४-१ ने जिंकले.

- एक वाचक, टोकियो