आधी खिडकी, मग झाड

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजारी झाडांचे फोटो मिळाले. तारखा घालून, एकेका रोपाचे वरून आणि बाजूने वेगळे काढलेस, त्यामुळे काम सोपं झालं. रात्री खोलीत झाडांवर औषधाचा फवारा मारून दार लावून झोपलीस, हे मात्र तू शेवटी जाता जाता लिहिलंस. त्यावर मी काही बोलणार नाही. झाडांचं बोलू.

एचेव्हेरियाच्या जाड, रसाळ पानांवर सगळीकडे सारखी पसरलेली पांढरट भुकटी रोग नाही. तो तिचा स्वतःचा मेणाचा थर, उन्हापासून राखणारा. तो पुसू नकोस, जुन्या पानावर सहसा परत धरत नाही. दुसऱ्या फोटोत पानांच्या बेचक्यात कापसाचे पुंजके दिसतात, तो पिठ्या ढेकूण, म्हणजे कीड. मेण पानभर असतं, पिठ्या कोपऱ्यात दडतो. खालच्या पानांवरची काळी काजळी बघून तू बुरशीनाशक मारलंस ना? ती बुरशी पानात शिरलेलीच नाही. पिठ्या रस पितो, गोड चिकटा सोडतो, त्या चिकट्यावर ती वाढते. कीड गेली की ओल्या फडक्याने निघेल. म्हणजे जे औषध तू रात्रभर श्वासातून घेतलंस, ते मुळात लागतच नव्हतं.

बघ, आलोच तिथे.

ते रोप आधी बाकीच्यांपासून लांब ठेव. ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुंजक्यांना लाव. पहिल्यांदा एकाच पानावर लावून दुसऱ्या दिवशी बघ, आणि लावल्यावर रोप उन्हात नको. अंडी वाचतात, म्हणून दर आठवड्याला, निदान महिनाभर. लोक एकदा पुसतात, झालं म्हणतात आणि पुन्हा रडतात. कुंडीतून काढून मुळंही बघ. तिथे पांढरी भुकटी असेल तर माती टाकून दे, मुळं धू, सुकव आणि नव्या मातीत लाव. हे सगळं खिडकी उघडी ठेवून. अल्कोहोलची वाफ डोक्यात जाते, शिवाय ते पेट घेतं.

जेड, तुझं दुसरं जाड पानांचं झाड, त्याचं दुखणं वेगळं. पानं पिवळी, पाणचट, आरपार दिसणारी, हात लागला की गळणारी, आणि बुंध्याशी काळेपणा: ही सड. तहानलेलं पान सुरकुततं, असं काचेसारखं होत नाही. तुला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलंस. ओल्या मातीत मुळांना हवाच मिळत नाही, मग पिथियम, फायटोफ्थोरा असले रोगजंतू शिरतात. अल्कोहोलने पुसलेल्या धारदार पात्याने वरचा निरोगी भाग काप. कापलेल्या जागी तपकिरी कडं दिसलं तर आणखी वर काप, अगदी स्वच्छ हिरवं लागेपर्यंत. इथे दया नको. मग काही दिवस सावलीत कोरडा ठेव, जखमेवर खपली धरू दे, नंतर निम्मी जाड रेती मिसळलेल्या कोरड्या मातीत लाव. पाण्याची घाई नको. बाकीचं फेकून दे.

औषध घरात आणलं की लेबल वाचायचं, कशासाठी आहे ते बघायचं, हातमोजे घालायचे, झोपायच्या खोलीत फवारायचं नाही. तुला शिकलेली म्हणायचं आणि... जाऊ दे. भाषण झालं. तू लहान नाहीस, माफ कर.

पण तू पाचवीत असताना रात्री छाती वाजायला लागली की माई दिवा लावायची आणि मी तुला खिडकीपाशी उभं धरायचो. तू झोपायचीस, मी श्वास मोजत राहायचो. आत्या म्हणायची, मुलीला फुलासारखं जपू नका. ते मला कधी जमलं नाही. आता तू लांब, एकटी राहतेस, पगार मिळवतेस, आजारी झाडाचा फोटो काढून नीट प्रश्न विचारतेस. याचा अभिमान मी दादाजवळ बोलून दाखवतो, तुझ्याजवळ नाही.

जेडच्या कापाचा फोटो पाठव. आणि त्या बाटलीच्या लेबलचाही, मागची बाजू, बारीक अक्षरांसकट.

तुझा,
बाबा

ता. क. इनहेलरची मुदत संपली नाही ना? बघून आजच कळव.