दिवस पंचविसावा

बाळा,

काल तू "पप्पा, माझ्याच्यानं सीए होणार नाही" एवढंच बोलून फोन ठेवलास, मला रात्री जेवण गेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

तुझा सीए इंटरचा रिझल्ट मी तीनदा बघितला. पहिल्या ग्रुपला ३०० पैकी १५६, म्हणजे टोटलला लागणाऱ्या १५० च्या वर, फक्त लॉमध्ये ३८ आणि तिथं ४० पाहिजेत. दोन मार्क गं! आपल्या सांगलीचा संकेत सरगर २०२२ ला बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थमध्ये वेटलिफ्टिंगला एकूण २४८ किलो उचलून एका किलोनं सोन्याला मुकला, पण किती कमी पडलं ते त्याला किलोत माहीत होतं. तुझंही आकड्यात आहे की, मग "होणार नाही" कशाला म्हणायचं?

तासगावात स्वतःच्या ऑफिसची पाटी लावायची हे तू आठवीत असल्यापासून बोलतेस, मला ते स्वप्न फार आवडतं, पण त्याला तारीख कधी लागलीच नाही. आपण द्राक्षबागेत बघ कसं करतो. एप्रिलच्या छाटणीनंतर काडीत घड तयार होतो, वरून बघून काहीच दिसत नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीच्या आधी काडी लॅबला देतो, ते काडीवरचा डोळा, म्हणजे फुटायचा कोंब, कापून मायक्रोस्कोपखाली बघतात, घड कुठल्या डोळ्यात आहे ते कळल्यावरच कात्री लावतो. आणि छाटली की तिथून दिवस मोजायचे, औषध, विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, सगळं दिवसावर. "यंदा चांगली द्राक्षं आणायची" असं नुसतं म्हणून कुणाची बाग आली नाही.

तुझी मार्कशीट म्हणजे तसाच काडीचा रिपोर्ट समज. दोन्ही ग्रुप एकदम दिलेस, सहा पेपर, दुसऱ्या ग्रुपला हात पोचलाच नाही. काल बायका फेलफूट, म्हणजे घड नसलेल्या फुटी, काढायला होत्या, जादाचे घडही काढले, चांगले हिरवेगार घड खाली पडताना आजी दरवर्षी हळहळते, पण सगळे ठेवले तर एकही फुगत नाही. जानेवारीला फक्त पहिला ग्रुप दे. दुसरा मे ला. कायद्याची कलमं तुला पाठ आहेत, लिहायला वेळ पुरत नाही असं तूच म्हणालेलीस, तर रोज लॉचं एक उत्तर घड्याळ लावून लिहायचं, पहाटे, मोबाईल आईकडं असल्यासारखा लांब ठेवून.

पैशाचं मनात आणू नकोस, क्लासची फी बेदाण्याच्या पैशातून बाजूला काढलेलीच आहे.

मी रोज रात्री बागेचा दिवस तुला व्हॉट्सअपला टाकतो, तू किती उत्तरं लिहिलीस तो आकडा टाक, बाकी काही लिहू नकोस. आज बागेचा दिवस २५, डावणी रोग कुठं नाही. तुझा दिवस १ उद्यापासून.

तुझा पप्पा