रुग्ण मदत निधी : गाववाले आणि मुंबईकर, सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा

नमस्कार मंडळी,

घाईत टाईप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. खालच्या वाडीतला आपला भाऊ मुंबईत ॲडमिट आहे, नाव सगळ्यांना माहितीय म्हणून टाकत नाही. शुगर जुनी, टाचांना भेगा, आणि लावणीला आठ दिवस अनवाणी चिखलात. मग ताप आला तो उतरेचना. टीबी समजून गोळ्या चालू झाल्या त्यात तीन आठवडे गेले, शेवटी रक्ताचं कल्चर केलं तेव्हा मेलिओइडोसिस निघाला.

हा माती-पाण्यातल्या जंतूमुळे होणारा आजार. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, पण शुगर, किडनीचा आजार नाहीतर स्टिरॉइड चालू असलेल्याला गाठतो. पहिल्यांदा ओळखला रंगूनला, 1911 साली, तेव्हा ब्रह्मदेशचा थिबा राजा आपल्या रत्नागिरीत कैदेत होता, एवढा जुना आजार आणि आपल्याकडे शेतकऱ्याला नावसुद्धा माहीत नाही. माणसाकडून माणसाला तो शक्यतो लागत नाही, त्यामुळे त्यांच्या घरी जायचं कुणी टाळू नका, वहिनी एकट्या पडल्यात.

आपलं मंडळ अशा वेळी कधी मागे राहिलं नाही. 2020 ला निसर्ग वादळात अर्ध्या वाडीची कौलं उडाली तेव्हा पोस्टातल्या काकांनी पेन्शनमधून पत्रे आणून दिले, 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा वरच्या आळीतल्या बायकांनी रात्रभर भाकऱ्या थापल्या आणि आपला टेंपो दुसऱ्या दिवशी तिथे पोचला, डोंबिवलीच्या काकू तर दर गणपतीला न सांगता पाकीट देतात. ही माणसं आहेत म्हणून मंडळ आहे.

पण गेल्या वर्षी डायलिसिसच्या पेशंटसाठी हाक दिली तेव्हा 180 जणांच्या ग्रुपमधून 11 जणांनी पैसे दिले. फार वाईट वाटलं होतं, आज बोललो.

आता खर्च : शिरेतून इंजेक्शन कमीत कमी 10 ते 14 दिवस, मग गोळ्या निदान 3 महिने, मध्येच सोडल्या तर आजार उलटतो, म्हणून पैसे एकदाच नाही, दर महिन्याला लागणार. 500 पासून कितीही, खजिनदारांकडे रोख किंवा जीपे, नंबर ग्रुपवर वर पिन केलाय, पावती मिळेल, पहिला हप्ता रविवारपर्यंत भरायचाय. उरले तर शुगरवाल्यांना गमबूट घेऊ. आणि शुगरवाल्यांनो, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, ताप आला तर डॉक्टरला शेतात होतो हे आधी सांगा.

आपला,
सेक्रेटरी